रंगुबाईची पाचर

पहाटे चारला रंगुबाईचा दिवस उकळत्या पाण्यानं सुरू व्हायचा. जुनी कॉट दारात आली की आधी ढेकूण मारायचे, मगच लाकडाला हत्यार लावायचं. फटीफटीत पाणी ओतायचं, सांधे हातोड्यानं ठोकायचे आणि बाहेर पडेल ते टाचेखाली रगडायचं. हे काम अर्धवट केलं तर गिऱ्हाईक शिव्या देत परत येतं. तिच्याकडं तसं कुणी आलं नाही.

कारेगावात एमआयडीसीच्या रस्त्याला लागून, नवऱ्याच्या वाट्याला आलेल्या जागेत तिचं पत्र्याचं शेड होतं. नवरा गोकुळ सुतारकाम करायचा. तो गेला आणि त्याची हत्यारं तिनं उचलली. खोली सोडून निघालेल्या कामगारांच्या कॉटा, बंद पडलेल्या लॉजमधली कपाटं ती भंगाराच्या भावात आणायची. सगळं सुटं करायची, किडकं कापून टाकायची आणि पुन्हा जोडायची. रंधा मारताना तिचं सगळं अंग रंध्यामागं असायचं. नुसत्या मनगटानं मारलेला रंधा लाकूड चाटतो, कापत नाही.

इथला कामगार सारख्या खोल्या बदलतो आणि चाळींचे जिने अरुंद. म्हणून तिच्या कॉटेला खिळा नसायचा. चारी कोपऱ्यांना खाचा, खाचेत लाकडी पाचर. पाचरा ठोकल्या की कॉटेवर चार माणसं नाचली तरी ती हलायची नाही. पाचरा काढल्या की सुटी होऊन जिन्यानं वर जायची. पाचर जरा जरी सैल बसली तरी ती चुलीत जायची. रंगुबाई दुसरी तासायला बसायची.

थोरला दीर कोंडिबा, त्याला ती जागा हवी होती. एक धाबेवाला भाडं द्यायला तयार होता, फक्त बाई हलायला हवी होती. पहिल्या खेपेला कोंडिबानं शेडापुढच्या अंगणात ट्रॅक्टर घातला. बाहेर मांडलेल्या कॉटांचा चुरा झाला. त्या चुऱ्यातून जेवढ्या निघाल्या तेवढ्या कॉटा रंगुबाईनं पुन्हा उभ्या केल्या.

थोरल्या दिराशी धाकट्या भावजयीनं तोंडातोंडी बोलायचं नाही, ही त्या घरची रीत. लग्न होऊन आल्यापासून ती त्याच्याशी एक अक्षर बोलली नव्हती. काही सांगायचं झालं तर ती भिंतीला सांगायची, त्यानं ऐकायचं.

दुसऱ्या खेपेला कोंडिबा स्वतः आला. हातात घण. मागं पोरगा रविराज, त्याच्याकडं लोखंडी गज. रंगुबाईनं नुकत्याच दारातल्या कॉटेच्या पाचरा काढल्या होत्या. ती न्यायला यवतहून टेम्पो यायचा होता. कॉट नुसती खाचांवर उभी होती, दिसायला धडधाकट.

"रव्या, सांग तुझ्या चुलतीला. आजच्या आज सामान काढ म्हणावं. न्हाईतर सामानासंगं तिलाबी रस्त्यावर टाकतो."

रंगुबाईनं पदर पुढं ओढला आणि शेडाच्या पत्र्याकडं तोंड केलं. "पत्र्या, सांग त्यांला. जागा माझ्या मालकाची हाय. मी मेल्याबिगर सुटायची न्हाई."

"मग मर की, काकू," रविराज हसला. "आमी कुठं नको म्हणतोय?"

कोंडिबानं पहिला घाव कपाटाच्या आरशावर घातला. दुसऱ्यानं दार आत गेलं. ते कपाट तिनं आठवडाभर घासून उजळवलं होतं. ती आडवी गेली, तशी रविराजचा गज तिच्या खांद्यावर बसला. आत हाड मोडल्याचा आवाज तिनं ओळखला. वाळलेलं सागवान तसंच मोडतं. ती भिंतीला टेकली, उजवा हात लोंबायला लागला.

कोंडिबाचं लक्ष दाराच्या वर गेलं. तिथं तिच्या नावाची पाटी होती. "घराण्याचं आडनाव रस्त्याला टांगलंय रांडेनं," तो ओरडला आणि पाटी पाडायला कॉटेकडं वळला.

त्यानं कॉटेवर चढायला पाय उचलला. शब्द रंगुबाईच्या जिभेवर आला होता. सांगायला वेळही होता. तिनं पदर दातात धरला.

कोंडिबानं वर चढून घण डोक्यावर नेला आणि कॉट चारी बाजूंनी फाकली. फळ्या खाली गेल्या, बाजूचा जाड लाकडी पट्टा त्याच्या नडगीवर आला. हाड कातडी फाडून बाहेर निघालं. तो गुरासारखा हंबरला.

"आबा!" रविराज गज उगारून तिच्यावर धावला. तिनं डाव्या हातानं लाकडी हातोडा उचलला आणि त्याच्या मनगटावर घातला. गज खाली पडला.

"फुडचा डोक्यात घालीन," ती म्हणाली. "बस तिथं."

तो मनगट धरून बसला.

"सांगायचं न्हाई व्हय गं, पाचरा काढल्यात म्हनून!" कोंडिबा विव्हळत म्हणाला.

रंगुबाईनं डोक्यावरचा पदर खाली पडू दिला आणि त्याच्या डोळ्यांत बघितलं. "थोरल्या दिरासंगं बोलायची रीत हाय का आपल्यात, भावजी?"



तिनं दोन फळ्या घेतल्या, त्याचा पाय मध्ये धरला आणि एक हात, दात आणि गुडघा लावून नवारीच्या पट्टीनं आवळला. कोंडिबानं किंकाळ्या फोडल्या, तिला सात पिढ्यांच्या शिव्या घातल्या. तिनं गाठ आणखी ओढली. सैल बांधून हाड हललं असतं, आणि सैल काम तिच्या हातून होत नसे.

टेम्पो आला. ड्रायव्हरनं रक्त बघून विचारलं, "मावशी, कॉट कुठाय?"

"कॉट उद्या. आज हे न्या, शिरूरच्या दवाखान्यात. जपून, सांधा कच्चा हाय."

कोंडिबा लंगडा झाला, पण त्यानं हट्ट सोडला नाही. तिच्या जागेची हद्दच चुकीची आहे, असं गावभर सांगत राहिला. रंगुबाईचा खांदा वाकडा जुळला. ती डाव्या हातानं रंधा मारायला शिकली. आधी लाकूड फाटायचं, मग सरळ यायला लागलं. त्या हातानं जोडलेल्या कॉटांच्या कमाईतून तिनं जागेच्या सरकारी मोजणीची फी भरली, आणि उरलेल्यातून हद्दीचे दगड आणून मोजणीच्या खुणांवर गुडघाभर खोल गाडून घेतले.