मुलगा येणार आहे

ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, संपल्यावर फादरांनी एक विनंती वाचून दाखवली. कुहीकडच्या एका खेड्यातलं जोडपं नागपुरात आलं होतं. बाईला गर्भाशयाचा कॅन्सर होता आणि पाच-सहा आठवडे रोज रेडिएशन घ्यायचं होतं. ते आपल्या धर्माचे नव्हते, पण दवाखान्यात काम करणाऱ्या सिस्टरांनी त्यांच्यासाठी फादरांकडे शब्द टाकला होता. तळमजल्यावरची एक खोली आणि जवळ संडास, एवढंच हवं होतं.

मी मान खाली घातली आणि पर्समध्ये चष्म्याची डबी शोधू लागले. चष्मा तर डोळ्यांवरच होता.

नागपुरातच सक्करदऱ्याला माझं घर आहे. नवरा जाऊन सहा वर्षं झाली, मुलगा बंगळूरला नोकरीला. घरामागे एक खोली आहे, तिला वेगळं दार आणि आतच संडास-बाथरूम. ती रिकामी होती, म्हणजे माणसांपुरती रिकामी. आत माझं कपाट होतं, न वापरलेल्या चादरी, लग्नात मिळालेले आणि अजून खोक्यातच असलेले कपबशांचे सेट, दोन जादा गाद्या. लहानपणी आम्ही सात जण दोन खोल्यांत वाढलो. झोपताना कूस बदलायची तर शेजारचीला सांगावं लागे. त्यामुळे असेल, आपली म्हणावी अशी जागा मिळाली तेव्हापासून ती कुणी मागेल याची धास्ती माझ्या मनात कायम बसलेली. पाहुणे आले तरी ते कधी जाणार हे मी पहिल्या चहालाच काढून घ्यायची.

चर्चच्या दारापाशी फादरांनी मला गाठलं. माझी खोली त्यांना ठाऊक होती, घर आशीर्वादित करायला ते येऊन गेले होते. त्यांनी विचारायच्या आतच मी बोलून गेले, "मुलगा येणार आहे, फादर. ईस्टरला. महिनाभर आधीच येऊन राहतो म्हणतो."

त्यांनी बरं म्हटलं. माझ्यामागे चर्चची झाडलोट करणारी, वेदीवर फुलं मांडणारी बाई उभी होती. नवरा ऑटो चालवतो, दोन मुली, दोन खोल्यांचं घर. ती म्हणाली, आमच्याकडे येऊ द्या, पोरी स्वयंपाकघरात झोपतील. ती हे इतक्या सहज म्हणाली की मला आधी सुटल्यासारखं वाटलं. घरी पोचेपर्यंत मात्र ते वाटणं टिकलं नाही.

थाप एकदा मारून भागत नाही, तिला रोज खायला घालावं लागतं. पुढच्या रविवारी त्या बाईने आपुलकीने विचारलं, मुलगा कधी येतो. मी म्हटलं, तिकीट वेटिंगवर आहे. मग शेजारणीने विचारलं, कारण तिला कुणीतरी चर्चमधून सांगितलं होतं. तिलाही तेच सांगितलं. पुढे पुढे मी मिस्सेला उशिरा जाऊ लागले आणि शेवटच्या गीताआधीच निघू लागले. असं खोटं मनात ठेवून परमप्रसाद घेववला नाही. सगळे रांगेत जाताना बाकावर बसलेल्या माझ्याकडेच बघत आहेत असं वाटायचं. प्रत्यक्षात कुणी बघत नव्हतं.

शेवटी मुलालाच फोन लावला. ईस्टरला ये, म्हटलं, कसाही ये. तो म्हणाला सुट्टी नाही, आणि एवढी घाई का. मी सांगून टाकलं.

"मग आई, त्यांना सांग ना, मी येत नाहीये म्हणून."

एवढं सोपं होतं, आणि तेच मला जमत नव्हतं.

त्या शुक्रवारी क्रुसाच्या वाटेची प्रार्थना संपल्यावर मी झाडलोटवाल्या बाईच्या घरी गेले. हातात खिचडीचा डबा आणि दोन चादरी. चादरी निवडायला मी अर्धा तास लावला होता. नव्या बाजूला ठेवल्या, मऊ पडलेल्या उचलल्या, मग त्यातलीही बरी दिसणारी परत ठेवून कडा विरलेली घेतली. देताना आपलं कमीत कमी काय जाईल हे शोधण्यात मी चांगली तयार आहे.

त्यांच्या चाळीत संडास बाहेर आहे, सहा घरांत एक. मी पोचले तेव्हा त्या दारासमोर एक बाई भिंतीला हात टेकून उभी होती. पंचेचाळिशीची असेल, फार वाळलेली, लुगड्याचा पदर दातात धरलेला. तिच्यापुढे दोघं होते. आतला माणूस बाहेर येईना. ती एकदा खाली वाकली, मग पुन्हा सरळ झाली. या रेडिएशनने पोट किती बिघडतं हे सिस्टरांनी फादरांना सांगितलं होतं आणि फादरांनी आम्हाला. संडास जवळ हवा असं का म्हटलं होतं, ते मला तेव्हा कळलं. पुढच्या दोघांनी तिला वाट दिली, पण दार बंदच होतं.

मी डबा आणि चादरी उंबऱ्यावर ठेवल्या आणि कुणाशी न बोलता निघाले.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या मिस्सेआधी पापनिवेदनाला गेले. खोटं बोलले ते सांगितलं, चादरीचंही सांगितलं. मला वाटलं, काही प्रार्थना म्हणायला सांगतील आणि मी मोकळी होईन. जाळीपलीकडून फादरांनी फक्त विचारलं, "खोली अजून रिकामी आहे?"

मी हो म्हटलं.

"मग प्रायश्चित्त तुम्हाला माहीतच आहे."

मी निरोप धाडला आणि दुपारी ऑटोतून ते नवराबायको आले. सोबत झाडलोटवाली बाईही आली. मी तिला बाजूला घेऊन सांगितलं की मुलगा येणारच नव्हता. तिने माझ्याकडे पाहिलं, मग खोलीकडे पाहिलं. म्हणाली, "माठ पलंगाजवळ ठेवजा. तिले जास्त चालवत नाही." त्या विषयावर ती पुन्हा कधी बोलली नाही.

ते येण्याआधी मी कपाटाला कुलूप लावलं होतं. पितळी, चांगलं मुठीएवढं. पहिला आठवडा माझा कानोसा घेण्यातच गेला. नळ किती वेळ चालू आहे, कूलर बंद केला की नाही, कोण आलं भेटायला. तिचा नवरा साधा माणूस, गावाकडे भाताच्या गिरणीत हमाली करणारा. तो दिवसभर पायरीवर बसे. तेही मला खटके. हे लोक इथेच राहिले तर? बाईला माझ्या घरात काही झालं तर? असे विचार यायचे आणि मग रोझरी हातात घेतली की मणी नुसते सरकायचे.

एके दुपारी ती ताटली परत द्यायला आली आणि दाराशी टेकली. सहज म्हणावं तसं म्हणाली, "काकू, तुमी कपाटाले कुलूप लावलं, ते बरं केलं. मले निवांत झोप लागते. उद्या काही इकडचं तिकडं झालं, तर आमचं नाव नाही येणार."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर मला उत्तर देता आलं असतं. किती घरांच्या कुलपांसमोर झोपून ती हे शिकली असेल, असं मनात आलं आणि मी ताटली धुवायला आत गेले.

संध्याकाळी कुलूप काढलं. नवी पांढरी चादर काढून तिच्या पलंगावर घातली. ती नको नको म्हणत होती, खराब होईल म्हणाली. तिसऱ्या दिवशी झालीच. मी मागे गेले तेव्हा ती नळाखाली उकिडवी बसून चादर घासत होती आणि रडत होती. खरं सांगते, माझ्या मनात आधी राग आला. माझी चादर, एवढंच आलं. मग तिचे हात दिसले, नुसती हाडं. मी समोर बसले, चादरीचं दुसरं टोक धरलं आणि आम्ही दोघींनी मिळून ती पिळली. तिच्यात जोर नव्हता, मीच पिळत होते, ती फक्त धरून होती. डाग पुरता गेला नाही. त्या दिवसापासून मागच्या खोलीकडे कान मात्र जरा कमी लागू लागले. बंद झाले असं म्हणणार नाही.

पवित्र आठवड्याच्या बुधवारी तिचं रेडिएशन संपलं आणि ते गावी गेले. तीन महिन्यांनी तपासणीला आले तेव्हा न विचारता मागच्या दारानेच आत आले. डॉक्टरांनी गाठ दिसत नाही म्हटलं, पण पुन्हा यायला सांगितलं. ते कळेपर्यंत मी तिच्यापेक्षा जास्त घाबरले होते.

जाताना तिच्या नवऱ्याने तांदळाची पिशवी ठेवली. सुवासिक, बारीक दाणा. ते वळल्यावर मी दोन डबे काढले, एक माझा, एक झाडलोटवाल्या बाईसाठी. मापटं घ्यायचं नाही असं ठरवून पिशवीतूनच ओतले. तरी माझ्या डब्याची रास थोडी उंच झाली होती. मी बराच वेळ दोन्ही डब्यांकडे बघत उभी राहिले. मग माझ्या डब्यातले दोन मुठी तांदूळ काढून तिच्या डब्यात टाकले, झाकण घट्ट लावलं आणि मन बदलायच्या आत चप्पल घातली.