न तुटणारी भाकरी

"पोरगा खोटं बोलतोय," सर म्हणाले आणि रिपोर्ट टेबलावरून माझ्याकडे सरकवला. "गहू खातोय. घरी नसेल खात, तर बाहेर खातोय."

"सर, तो माझ्यासमोर रडला."

"रडणारेही समोसे खातात."

सर पोटविकाराचे डॉक्टर. मी त्यांच्याच हॉस्पिटलात, जळगावला, डाएटिशियन. डाएटिशियन म्हणजे जाड्या माणसांना काकडी खायला सांगणारी बाई, असा इकडे समज आहे. त्या समजाशी मी रोज भांडते. त्या दिवशी सरांशी भांडत होते.

पोरगा म्हणजे योगेश. रावेरकडचा, केळीवाल्या घरातला. ट्रॅक्टरच्या एका शोरूमचा मेकॅनिक. मेहरूणला खोली घेऊन एकटा राहतो आणि दिवसभर एरंडोल, पारोळा, धुळे या पट्ट्यात बाइकवर फिरतो. शेतात ट्रॅक्टर बसला की योगेशला फोन. त्याला सेलिअ‍ॅक आहे.

सेलिअ‍ॅक म्हणजे काय ते आधी सांगते, कारण शिकलेली माणसंसुद्धा त्याला 'नवीन फॅशन' म्हणतात. गव्हात ग्लुटेन नावाचं एक प्रथिन असतं. मैदा, रवा, शेवया, पाव या सगळ्यांत तेच. कणकेचा गोळा ताणला जातो तो ग्लुटेनमुळे. सेलिअ‍ॅकच्या माणसाच्या पोटात ते गेलं की शरीर स्वतःच्याच आतड्यावर हल्ला करतं. आतड्याचं अस्तर झिजतं, खाल्लेलं अंगी लागत नाही. यावर गोळी नाही. गहू बंद, एवढंच औषध. थोडा कमी नाही, बंद. सणालाही बंद. चिमूटभर पिठानेही आतडं बिघडतं.

गहू खरंच बंद झाला का, हे रक्ताच्या टीटीजी टेस्टवरून कळतं. गहू थांबला की त्याचा आकडा हळूहळू उतरतो. योगेशचा उतरत नव्हता. गहू सोडून वर्ष उलटलं होतं आणि पोरगा वाळतच चालला होता.

"मग करायचं काय?" मी विचारलं.

"गहू कुठून जातोय ते शोध. पुढच्या टेस्टपर्यंत सापडला तर ठीक. नाही सापडला, तर पुन्हा दुर्बीण, आतड्याचा तुकडा तपासणं, मुंबई. पथ्याला दाद न देणारा एक प्रकार असतो. मग स्टिरॉइड. त्याच्या पुढचं आत्ता बोलत नाही."

सर बोलले नाहीत, पण योगेशने मोबाइलवर वाचलेलं होतं. बाहेर बाकड्यावर बसला होता. मला बघून उठला. "मॅडम, यातनं कॅन्सर होतो म्हणे?"

"कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. रात्री झोप नव्हती लागत, म्हणून वाचलं."

मी त्याला माझ्या टेबलाशी बसवलं. सकाळी खोलीवर भात किंवा खिचडी. रात्रीही बहुतेक तेच. मधल्या वेळी केळी. मग दुपारी?

"दुपारचंच अवघड आहे. शेतात ट्रॅक्टर खोलला की शेतकऱ्याच्या घरून पोळ्या येतात. मेकॅनिकला भाकर वाढली तर त्यांना कमीपणा वाटतो. मी म्हणतो, भाऊ, उपास आहे. आता त्या पट्ट्यातली गावंच्या गावं मला लई देवभोळा समजतात."

"खरं का नाही सांगत?"

"सांगितलं होतं शोरूममध्ये. तेव्हापासनं मला 'नाजूकराव' म्हणतात. म्हणे, लग्नात पुरणपोळी नको म्हणशील तर सासरा मुलगी परत नेईल."

मला संताप आला. मला येतोच. या विषयाची पत्रकं मी स्वतः छापून वाटली आहेत, स्टँडवर, कॉलेजात, मंगल कार्यालयांत. 'गहू चालत नाही म्हणजे चालत नाही' हा मथळा माझाच. शहरातल्या एका चकचकीत रेस्टॉरंटात मेनूवर 'ग्लुटेन-फ्री' छापलेलं पाहून मी मॅनेजरला विचारलं होतं, यात काय असतं? म्हणाला, "मॅडम, मल्टिग्रेन असतं." त्यात गहू? "गहू तर असतोच ना मॅडम, थोडा." अशा ठिकाणी आपण पैसे देऊन आजार विकत घेतो. आणि हे कुठे? खानदेशात! जिथे ज्वारी, बाजरी, भरीत, बेसनाची शेव हे सगळं आपलं रोजचं आहे. गहू न खाणाऱ्याला जगात कुठे सुखाने जेवता आलं पाहिजे, तर ते इथे.

"दुपारी एकच ठिकाण आहे," योगेश म्हणाला. "पारोळ्याच्या अलीकडे एक हॉटेल आहे. आबा गल्ल्यावर, अक्का चुलीवर. मी सांगितलंय, मला पोळी पचत नाही. तेव्हापासून अक्का माझ्यापुढे पोळी येऊच देत नाही. शेवभाजी आणि ज्वारीची भाकर. पोटभर. कधी रात्रीसाठी एखादी बांधूनही देते."

ऐकायला सगळं स्वच्छ होतं. मी त्याला सांगितलं, उद्या जे जे खाशील त्यातलं थोडं थोडं डब्यात घालून मला आणून दे.

त्याने आणलं. भात, खिचडी, केळ्याचे वेफर, शेवभाजीचा रस्सा, आणि आदल्या दुपारची भाकरी, चौघडी करून कागदात गुंडाळलेली. वेफरचं पाकीट मी वाचलं. ठीक होतं. मग भाकरी उघडली.

घडीवर एक तडाही नव्हता.

ज्वारीची भाकरी तव्यावरून उतरली की मऊ असते. दुसऱ्या दिवशी तिची घडी घाला, मोडते. माझ्या आईची मोडते, सगळ्यांची मोडते. ज्वारीत ग्लुटेन नाही, मग धरून कोण ठेवणार? मी त्या भाकरीचे दोन कोपरे धरून हळूच ओढले. ती तुटण्याआधी ताणली गेली. अगदी जराशी. पण ताणली गेली.

मी तशीच सरांच्या केबिनमध्ये गेले. "सर, पोरगा खोटं बोलत नाही. भाकरी खोटं बोलतेय."

सरांनी ती हातात घेऊन पाहिली. "हा पुरावा नाही."

"पुरावा आणते."

"भांडून येऊ नकोस," सर म्हणाले. मला ओळखतात.

त्याच आठवड्यात योगेशच्या बाइकवर मागे बसून गेले. वाटेत तो एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होता. "मॅडम, त्यांना दुखवू नका. हे एकच हॉटेल आहे माझं."

हॉटेल म्हणजे पत्र्याचं छप्पर, चार टेबलं, मागे चूल. आबांनी योगेशला बघताच आत हाक मारली, "अक्का, योगेश उना वं!" आणि मला पाहून हसले. "आज पाहुणी बी शे का? बसा, बसा."

मी बसले नाही. "आबा, तुमची भाकरी कशाची आहे?"

"ज्वारीनी."

"निव्वळ?"

आबांचं हसू गेलं. "पोरी, इथं धुळ्याचे, सुरतचे लोक गाडी थांबवीसन जेवतस. आजपावेतो भाकरीवर कोन्ही बोट ठेवं नही."

"मी ठेवतेय," मी म्हणाले. योगेशने मागून माझी ओढणी ओढली.

आबा उठून उभे राहिले. "तुम्ही सरकारी मानूस शेतस का?"

"नाही. हा पोरगा का वाळतोय, ते शोधणारी आहे."

आतून अक्का बाहेर आली. हात पिठाने माखलेले. तिने माझ्याकडे बघितलंच नाही, योगेशकडे बघितलं. "मी बी तेच म्हनस. इतलं जेवस, तरी पोऱ्या वाळी ऱ्हायना. काय व्हयनं त्याले?"

तिच्या या प्रश्नाने माझा आवाज खाली आला. म्हटलं, अक्का, मला चुलीपाशी येऊ द्या. दहा प्रश्न विचारते, मग जाते.

चुलीपाशी मी एकेक तपासत गेले. आधी शेव, कारण बाजारच्या शेवेत मैदा असू शकतो. अक्का म्हणाली, शेव घरची. हरभऱ्याची डाळ ती घरघंटीवर स्वतः दळते. घरघंटी म्हणजे घरातली छोटी विजेची चक्की. ती मागच्या खोलीत कापड घालून ठेवलेली. "तिच्यात गहू कधी बी टाकत नही. शेव बिघडी जास." म्हणजे शेव सुटली. मग मसाला. घरचा कुटलेला, त्यात हिंग नाही. हिंग मी मुद्दाम विचारते, कारण बाजारच्या हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. हिंग होता, पण डाळीच्या फोडणीत, आणि योगेश डाळ घेत नव्हता.

राहिली भाकरी. "अक्का, पीठ दाखवा."

तिने डबा पुढे केला. ज्वारीचं पांढरं पीठ. शेजारी दुसरा डबा, त्यात कणीक. दोन्ही डब्यांमध्ये एकच वाटी फिरत होती.

"हे यात घालता?"

"दोन मुठी," अक्का म्हणाली. लपवाछपवी काहीच नाही. "निव्वळ ज्वारीनी भाकर दुपारपावेतो कडक व्हई जास, तुटस. गिऱ्हाइकले तुटेल भाकर कशी वाढू? दोन मुठी गहू टाकं का मऊ ऱ्हास. बाकीना हॉटेलवाला बी टाकतस."

"आणि योगेशच्या भाकरीत?"

"त्याना भाकरीत तीन," ती म्हणाली. "तो पुडीमा बांधी लई जास ना. रातले खाताना तुटाले नको."

योगेश दारात उभा होता. त्याने डोळे मिटले.

मी अक्काला सांगितलं. सोप्या शब्दांत सांगितलं, पण काही वगळलं नाही. पोळीतही तोच गहू, भाकरीतही तोच. त्याचं आतडं झिजतंय. डॉक्टरांना शंका आहे की याहून वाईट काहीतरी आहे.

अक्का पाटावर बसली. "म्हंजे मीच का मंग?"

"नही अक्का," योगेश पुढे आला. "मीच पोळी पचत नाही असं म्हटलो. गहू म्हटलोच नाही. लाज वाटत होती."

"आजाराले कसानी लाज?" आबा मागून ओरडले. "लाज चोराले!" त्यांचा राग आता माझ्यावरून योगेशवर गेला होता. मला बरं वाटलं.

आबांनी लगेच तोडगा काढला. गावातल्या गिरणीवरून नुसती ज्वारी दळून आणू, त्याचा डबा वेगळा. मी नाही म्हटलं. गिरणीवर दळणाचा क्रम सगळ्यांना पाठ असतो. बाजरीवर ज्वारी कोणी टाकू देत नाही, पीठ काळपट येतं. पण गव्हावर ज्वारी टाकली तर कोणाचीच तक्रार नसते. उलट भाकरी जरा बरीच होते. दगडाच्या खाचेत अडकलेला तो गहूच योगेशला पुरेसा होता.

"मग आता?" योगेशने मला विचारलं. मला त्या क्षणी त्याचा चेहरा बघवत नव्हता. हेही हॉटेल गेलं, असा तो चेहरा.

माझी नजर मागच्या खोलीकडे गेली. गहू कधीच न पाहिलेली ती घरघंटी.

"अक्का, कळण्याची भाकरी करता?"

"करस ना. पन ती घरले. हॉटेलमा कोन मांगस?"

कळणा म्हणजे ज्वारी आणि सालासकट अख्खे उडीद, एकत्र दळलेले. उडीद चिकट. ज्वारीला धरून ठेवायचं जे काम अक्का गव्हाकडून करून घेत होती, ते उडीद फुकट करतो, तेही ग्लुटेनशिवाय. घरघंटीत दळायचा. परात वेगळी, तवा वेगळा, वाटी वेगळी. बस.

अक्का उठली. ज्वारी आणि उडीद आधी परातीत पसरून निवडले, कारण मी ज्वारीत चुकार गव्हाचा दाणा दाखवला होता. घरघंटी सुरू झाली. आबांनी नवा तवा कुठून आणला ते मी विचारलं नाही. थोड्या वेळाने योगेशपुढे करड्या रंगाची भाकरी आली, वर तेल, बाजूला ठेचा.

त्याने तोडायच्या आधी माझ्याकडे बघितलं.

"खा," मी म्हटलं. "मीही खाते."

तो खाताना अक्का समोर उभी राहून प्रत्येक घास मोजल्यासारखी बघत होती. मग मला म्हणाली, "तू बी वाळेलच शे. आजून एक ले." डाएटिशियनला असं कोणी म्हणत नाही. मी घेतली.

पुढच्या टेस्टपर्यंत योगेशच्या दुपारच्या ताटाचा फोटो रोज मोबाइलवर यायचा. करडी भाकरी, ठेचा, कधी भरीत. शेतकऱ्यांना तो आता खरं सांगतो. एका गावात त्याला विचारलं, मग बाजरीची चालेल का? चालेल म्हटल्यावर ती माउली म्हणाली, हे आधी सांगायचं, आम्ही उगीच तुझ्यासाठी पोळ्या लाटत होतो. शोरूममध्ये 'नाजूकराव' अजून चालूच आहे. माणसं सुधारायला टीटीजीपेक्षा जास्त वेळ लागतो.

रिपोर्ट आला त्या दिवशी सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. कागद माझ्याकडे सरकवला, तसाच. आकडा चांगलाच उतरला होता. अजून उतरायचा होता, पण दिशा पक्की होती. वजनही वाढलं होतं.

"मुंबई?" मी विचारलं.

"कशाला? केळी विकायला?" सर म्हणाले. सर जोक करतात तेव्हा समजायचं की त्यांनाही झोप लागत नव्हती.

बाहेर बाकड्यापाशी योगेश उभा होता. मी काही बोलायच्या आधीच त्याने माझा चेहरा वाचला आणि खाली बसला. मग आबांना फोन लावला. स्पीकरवर नव्हता, तरी आबांचा आवाज अख्ख्या ओपीडीला ऐकू आला.

माझ्या पत्रकात आता एक ओळ वाढवली आहे. हॉटेलात गेलात की 'यात गहू आहे का?' असं विचारू नका. प्रत्येक जण नाही म्हणतो, आणि बहुतेक जण मनापासून म्हणतात. त्याऐवजी विचारा, 'तुमची भाकरी तुटत कशी नाही?' त्याचं उत्तर खरं मिळतं, कारण ते सांगताना लोकांना अभिमान वाटतो.