अरबी समुद्राच्या बाई

‘नक्की’ हा शब्द बाईंच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. चहाला बोलावलं तर म्हणायच्या, “येण्याची शक्यता बरीच आहे.” सून कशी आहे, असं कुणीतरी विचारलं तेव्हा शांतपणे म्हणाल्या, “आतापर्यंतच्या नोंदी चांगल्या आहेत.” त्यांची हयात पुण्यातल्या एका हवामान संशोधनाच्या कार्यालयात गेली. जेवढं ठाऊक आहे तेवढंच बोलायचं, हा तिथला नियम त्या घरीही पाळत. ज्या शहरात पानवाल्यापासून प्राध्यापकापर्यंत प्रत्येकाला प्रत्येक गोष्टीची खात्री असते, तिथे हे एक व्यंगच होतं.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी त्यांच्या हाताखाली संगणकाच्या कामाला लागले. वादळांचा अभ्यास करणाऱ्यांत तेव्हा मान बंगालच्या उपसागराला. वादळं तिकडेच फार. अरबी समुद्र त्या मानाने गार आणि शांत, म्हणून तो बाईंच्या गळ्यात मारलेला. कार्यालयात त्यांचं नावच पडलं होतं, ‘अरबी समुद्राच्या बाई’. जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी हमखास विचारायचं, “काय बाई, आज तरी तुमच्या समुद्रात काही हललं का?” बाई डबा बंद करत म्हणायच्या, “हललं नाही. तापलंय.”

त्यावर सगळे हसायचे. बाई जुन्या जहाजांच्या नोंदी आणि नवी मोजमापं शेजारी ठेवून बघत बसायच्या.

मग हिंजवडीतला ऊस गेला आणि संगणक कंपन्यांच्या काचेच्या इमारती उगवल्या. आमच्याकडची संगणक कळणारी पोरं एकेक करून तिकडे गेली. समुद्राच्या तापमानाची गणितं करणारा एक हुशार मुलगा परदेशातल्या कुठल्याशा दुकानाच्या पावत्यांची गणितं करायला गेला. शेवटी मीही राजीनामा दिला. बाईंनी तो वाचला, सही केली आणि म्हणाल्या, “जा. इथे समुद्र तापतोय. तिथे तुझी खोली तरी गार असेल.” संबंध मात्र तुटले नाहीत. रविवारी मी त्यांच्याकडे जात राहिले.

पुढे एकदा एका वाहिनीचा माणूस मुलाखतीला आला. बाईंनी त्याला नीट समजावलं. “वादळ पाण्यातल्या उष्णतेवर पोसलं जातं. पाणी जितकं ऊन, तितकं त्याला खाद्य जास्त. पूर्वी ज्याला जोर धरायला बरेच दिवस लागायचे, ते आता भराभर वाढू शकतं. गरम हवा पाणीही जास्त धरते, म्हणजे पाऊस मोठा. आणि समुद्राची पातळीच वर आली, की लाटा आणखी आत येणार.”

“म्हणजे मुंबई बुडणार?”

“असं मी म्हटलेलं नाही.”

“पण हे परवाचं वादळ तापमानवाढीमुळेच आलं ना?”

“एका वादळावर बोट ठेवून तसं म्हणता येत नाही. अशी जोरदार वादळं वाढतील, एवढं म्हणता येतं.”

त्या दिवशी वाहिनीवर बाईंच्या जागी एक ज्योतिषी दिसले. त्यांना सगळं नक्की ठाऊक होतं.

बाईंचा मुलगा निखिल हिंजवडीलाच मोठ्या हुद्द्यावर चढला. बाई निवृत्तीनंतर त्याच्याकडेच राहत होत्या. मित्रांचं बघून त्याने रायगडच्या किनाऱ्यावर, सुरूच्या बनाला लागून, बंगला बांधला. वास्तुशांतीला मीही होते. बाई अंगणात उभ्या राहून बराच वेळ बनाच्या फटींतून दिसणाऱ्या पाण्याकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, “निखिल, इथे पाणी आत येण्याची शक्यता वाढत जाणार आहे.”

“कधी येणार, सांग ना.”

“ते सांगता येणार नाही.”

“मग झालं तर!” तो म्हणाला, आणि पाहुणे खळखळून हसले.

बंगल्याची राखण महादू आणि त्याची बायको पार्वती करत. मागे पत्र्याच्या खोलीत राहत. बाई तिथे गेल्या की दिवाणखान्यात कमी आणि पार्वतीच्या चुलीपाशी जास्त. महादूला त्यांनी आपला नंबर दिला होता. “मी फोन करून निघा म्हटलं, की सामान आवरत बसायचं नाही,” एवढंच बजावलं होतं.

आणि एका जूनच्या तोंडावर ते वादळ आलं. इशारा वेळेवर मिळाला होता. बाईंनी सकाळीच महादूला फोन लावला. “दोघंही गावातल्या शाळेत जा. पक्की इमारत आहे.” “निघतो बाई,” तो म्हणाला. दुपारी पुण्यातही झाडं आडवी झाली. किनाऱ्यावरचे फोन बंद पडले. काही दिवसांनी निखिलने आईला सांगितलं, “महादू गेला गं. शेडवर सुरूचं झाड पडलं. हट्टी माणूस, गेलाच नाही शाळेत.”

ताम्हिणी घाटातली झाडं बाजूला झाल्यावर मी बाईंना घेऊन गेले. सुपारीच्या बागा कुणी पायाखाली तुडवाव्यात तशा झोपल्या होत्या. पार्वती भावाच्या पडवीत बसली होती. बाई तिच्याजवळ जमिनीवर बसल्या. म्हणाल्या, “मी सांगितलं होतं गं निघायला.”

पार्वतीने मान वर केली. “निघालो होतो की बाई. शाळेत पोचलोपण होतो. मग सायबांचा फोन आला. वादळ दुसरीकडं सरकतंय म्हणाले, तेवढी गाडी शेडमधून काढ आणि खिडक्यांना फळ्या मार. म्हणून हे माघारी गेले.”

बाईंनी पार्वतीचा हात धरला होता. तो तिने काढून घेतला नाही, पण धरलाही नाही.

मी बाईंना घेऊन पुण्याला निखिलच्या घरी आले. घरात शिरल्यावर चप्पल न काढता त्यांनी निखिलला विचारलं, “तू त्याला परत पाठवलंस?”

तो आधी चाचरला, मग चिडला. “आई, आदल्या दिवशी तूच म्हणालीस ना, वादळ थोडं वर किंवा खाली सरकू शकतं म्हणून? तूच कधी काही नक्की सांगत नाहीस! मी काय समजायचं?”

मी बाईंचा चेहरा पाहिला. जन्मभर जो प्रामाणिकपणा जपला, तोच पोटच्या मुलाने ढाल म्हणून पुढे केला होता. त्या हळूच म्हणाल्या, “सरकू शकतं म्हणजे तुझ्या अंगावर येणारच नाही, असं नव्हे. माणसाला शाळेतच थांबू द्यायला एवढं कळणं पुरतं.” मग माझ्याकडे वळल्या. “मला तुझ्याकडे राहता येईल का?”

पुढची दोन वर्षं त्या माझ्याकडेच होत्या. निखिल भेटायला येई तेव्हा आतल्या खोलीत जाऊन बसत. पार्वतीला माझ्याकडून फोन लावून घेत. ती बोले, पण तुटक. बाईंना त्याची तक्रार नव्हती. “तिच्या जागी मीही हेच केलं असतं,” म्हणायच्या. शेवटच्या आजारात म्हणाल्या, “समुद्र मला वाचता आला गं. घरातलं माणूस नाही आलं.”

त्या गेल्या. शोकसभेत ‘द्रष्ट्या’ वगैरे शब्द बरेच वापरले गेले. जेवणाच्या सुट्टीत हसणारेही व्यासपीठावर होते.

मागच्या महिन्यात वाघोलीला एका लग्नात निखिल भेटला. तब्येतीची चौकशी झाली, आईची आठवण निघाली, त्याचे डोळेही जरा भरले. मग म्हणाला, “ताई, बंगला पुन्हा बांधलाय. नवा राखणदारही मिळाला. या ना एकदा. मधलं सुरूचं बन गेलं, त्यामुळे आता समुद्र अगदी दारातून दिसतो.”