टॉवेलच्या पाच पट्ट्या

ही गोष्ट सांगायची मी खूप वर्षं टाळली. टाळली म्हणण्यापेक्षा वेगळीच करून सांगितली. घाटकोपरच्या आमच्या बास्केटबॉल मंडळाने मागे एक स्मरणिका काढली, तेव्हा आमच्या मैदानावर हेडबँड कसा आला यावर माझ्याकडून लेख मागवला होता. मी तो गमतीत लिहिला. लोकांना आवडला, दोघातिघांनी फोन करून तसं कळवलं. त्या लेखात शेवटाकडे एक वाक्य आहे. आमच्या एका गुणी खेळाडूने मार लागल्याचं कुणालाच कळू दिलं नाही आणि त्याचे परिणाम त्याला जन्मभर भोगावे लागले, असं. हे वाक्य खोटं आहे. लिहिताना मला ते माहीत होतं. आज माझं वय सत्त्याहत्तर आहे आणि ते दुरुस्त करू शकणारा माझ्याशिवाय कुणी उरलेला नाही.

लेखातला गमतीचा भाग मात्र खरा होता. तो आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यातूनच आलं.

ऐंशीच्या दशकाची सुरुवातीची वर्षं. मैदान सिमेंटचं, दिवसभर तापलेलं. चार वाजता खेळायला उतरलो की बुटांच्या तळव्यातून चटका लागायचा. घाम सगळ्यांनाच यायचा, पण नुसत्या घामाचं काही नाही. आमच्या डोक्यावर आयांनी सकाळी थापलेलं खोबरेल असायचं आणि केस कानांवर आलेले, फॅशनच तशी होती. ते तेल घामात मिसळून डोळ्यांत उतरलं की समोरचा बोर्ड दिसेनासा व्हायचा. ऐन उडीच्या वेळी माणूस डोळे चोळत उभा. आम्ही कपाळाला रुमाल बांधून पाहिले. भिजले की ते नाकावर घसरायचे.

टेनिसवाले डोक्याला पट्टी लावतात हे शेजारच्यांच्या ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीवर पाहिलं होतं. मग एकदा रद्दीवाल्याकडे मला खेळांचं एक परदेशी मासिक मिळालं. त्यात एका उंच अमेरिकन बास्केटबॉलपटूचा पानभर फोटो होता. कपाळावर चार बोटं रुंद पांढरी पट्टी आणि पट्टीखाली डोळे कोरडे, शांत. तिकडेही पट्टी आली ती घाम टिपायलाच. पुढे नावाजलेले खेळाडू लावतात म्हणून बाकीच्यांनी लावली आणि मग घाम येवो न येवो, ती खेळाडूची ओळख होऊन बसली, असं मला मागाहून कळलं. आमच्याकडे हेच सगळं एका मोसमात घडलं.

मी तेव्हा साकीनाक्याच्या एका युनिटमध्ये सुपरवायझर होतो. तिथे कपड्यांना लावायचं इलॅस्टिक विणलं जायचं. तुकडे फुकट मिळत. राहिला टर्किश टॉवेल. तो घरात एकच होता.

बायको म्हणाली, "आहेरातला टॉवेल आहे तो. मामांनी काय तुमच्या मित्रांचा घाम पुसायला दिला होता?"

दोन दिवस बोलली नाही, तिसऱ्या दिवशी मशीन काढून बसली. "पाचच होतील हं. सहाव्याला अर्धीच येईल."

"पाच पुरे. खेळतात पाचच."

पहिल्या दिवशी मैदानाच्या कठड्यावर बसलेल्यांनी आम्हाला सोडलं नाही. आपल्याकडे डोक्याला फडकं बांधतो तो डोकं दुखतं म्हणून. "काय रे, डोकं दुखतंय काय? बाम आणू?" अशा आरोळ्या. कुणीतरी इलॅस्टिक ओळखलं आणि, "साकीनाक्याची चड्डी डोक्यावर!" म्हणून ओरडला. पण त्या आठवड्यात आम्ही मुलुंडच्या संघाला हरवलं. पुढच्या महिन्यात मुलुंडवाल्यांच्या डोक्यावर पट्ट्या होत्या आणि नंतर अंधेरीवाल्यांच्याही.

आमच्याकडे मात्र पट्ट्या पाचच राहिल्या आणि त्यामुळे एक रीत पडली. पट्टी ज्याच्या डोक्याला, तो मैदानात. बदली खेळाडू उतरायचा तेव्हा बाहेर येणारा आपली ओली पट्टी काढून त्याला द्यायचा आणि तो ती तशीच डोक्यावर चढवायचा. घरच्या बायका नाकं मुरडायच्या. खेळाडू बदलायचा तर तो मात्र कप्तानानेच, आणि कप्तान मी होतो. आपणहून कुणी पट्टी काढत नसे. स्वतःच्या हाताने पट्टी काढली म्हणजे संपलं, "मला जमत नाही" असं सगळ्यांसमोर सांगितल्यासारखं. हे कुणी ठरवलं नव्हतं. मीच एकदोनदा टोमणे मारले असतील, त्यातून झालं.

लेखातला तो गुणी खेळाडू म्हणजे आमचा सेंटर, बोर्डाखाली खेळणारा. बावीस वर्षांचा, सहा फूट दोन इंच. घरचे मालवणकडचे. वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर एका सोसायटीच्या गेटवर वॉचमन म्हणून उभे राहायचे. पाठच्या दोन बहिणी लग्नाच्या. मला तो दादा म्हणायचा. त्या वर्षी एका बँकेला त्यांच्या संघासाठी खेळाडू घ्यायचे होते, खेळाडूंच्या कोट्यातून, कायमची नोकरी. त्या मोसमातल्या स्पर्धेत आम्ही अंतिम फेरी गाठली होती आणि त्या सामन्याला बँकेचे दोघे बघायला येणार होते. ओळख काढून त्यांना मीच बोलावलं होतं.

अंतिम सामना रविवारी. शनिवारी सरावानंतर बाकीचे घरी गेले आणि रिबाउंडसाठी मी त्याला थांबवून घेतलं. आम्ही दोघंच होतो. बोर्डावरून आलेल्या बॉलला आम्ही एकदम उडालो आणि खाली येताना माझं कोपर त्याच्या डाव्या कानशिलावर बसलं. आवाज मला ऐकू आला. तो खाली बसला, मग उठून नळापाशी गेला आणि ओकला.

परत आला तो डोळे बारीक करून. "दादा, बॉल दोन दिसतायत रे."

"बरंच आहे की. दोनातला एक तरी आत जाईल."

तो हसला. कप्तान बोलला की हसणं त्याला भाग होतं. मी त्याला सायकलवर डबलसीट घेऊन तो राहायचा त्या टेकडीच्या पायथ्याशी सोडलं आणि झोप काढ म्हणून सांगितलं.

रविवारी तो आला तेव्हा कानशिलावर आवळ्याएवढं टेंगूळ होतं, काळंनिळं. मला बाजूला घेऊन म्हणाला, "डोकं फुटतंय. सकाळपास्नं दोनदा ओकलो. घरी काय बोललो नाय, बाबा आज पयल्यांदा बघायला आलेत. काय करू, सांग."

सांग, असं म्हणाला. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

पंच कडक होता. उपांत्य सामन्यात डोक्याला मार बसलेल्या एकाला त्याने बाहेर बसवून डॉक्टरकडे धाडलं होतं. मी त्याची पट्टी दोन्ही हातांनी खाली ओढली, टेंगूळ पूर्ण झाकेपर्यंत. इलॅस्टिक त्याच आठवड्यात बदललं होतं, घट्ट बसलं. त्याने दात आवळले. मी दोन पावलं मागे जाऊन पाहिलं आणि म्हणालो, "झकास. काही दिसत नाही."

पहिल्या अर्ध्यात तो बरा खेळला. बरा म्हणजे उंचीच्या बळावर. मध्यंतरात बाकीचे सरबताच्या बादलीभोवती जमले होते. तो माझ्याकडे आला, डोक्यावरची पट्टी काढली आणि माझ्यासमोर धरली.

"नाय जमत, दादा."

आपणहून पट्टी काढणारा आमच्यातला तो पहिला आणि एकटा. ती काढायला त्याला किती जड गेलं असेल, हे त्या मैदानावर माझ्याइतकं कुणाला कळणार होतं? मी ती घेतली नाही. त्याच्या हातातून उचलून परत त्याच्या डोक्यावर चढवली. "वीस मिनिटं काढ. ते बघ, बँकवाले तुझंच लिहून घेतायत."

बँकवाले वेफर्स खात होते. त्यांच्या हातात कागद नव्हता.

पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला समजावत आलो, की मी हे त्याच्या नोकरीसाठी केलं. थोडं तसंही असेल. पण आम्ही चार गुणांनी पुढे होतो आणि त्याच्या जागी उतरणारा खेळाडू बुटका होता. त्याआधी दोन अंतिम सामने मी हरलो होतो. मला तो चषक हवा होता.

मध्यंतरानंतर पाचसहा मिनिटांनी तो पडला. कुणाचा धक्का लागला नाही, बॉल पलीकडे होता. नुसता उभा होता तो गुडघ्यांत मोडला आणि डाव्या अंगावर सिमेंटवर आपटला. कठड्यावरून कुणीतरी सवयीने ओरडलं, "काय रे, डोकं दुखतंय काय?" आणि चारजण हसले. त्याचे वडील कठडा ओलांडून धावत आले.

टॅक्सीने आम्ही त्याला पालिकेच्या रुग्णालयात नेलं. तपासणारा डॉक्टर तरुण होता. "इतक्या उन्हात खेळता? उन्हाचा झटका असेल," असं म्हणत त्याने डोकं चाचपलं. "हे टेंगूळ कसलं?"

"पडताना लागलं," मी म्हणालो.

"आधी काही मार लागला होता?"

वडील माझ्या शेजारी उभे होते. मी म्हणालो, "नाही."

सलाइन लावलं. सगळे थांबले शुद्धीवर येण्याची वाट बघत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या एका डोळ्याची बाहुली मोठी झालेली दिसली, तेव्हा धावाधाव करून त्याला शहरातल्या मोठ्या रुग्णालयात हलवलं. कवटी उघडून साकळलेलं रक्त काढलं. तिथले मोठे डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, की हा मार पडण्याच्या आधीचा आहे, कालच कळलं असतं तर...

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "आम्हाला काही बोलला नाही तो."

म्हातारा भिंतीला टेकला. "माकाय नाय सांगल्यान. नोकरीच्या आशेन लपवल्यान. झील माझोच खुळो, तुमचो काय दोष नाय." आणि माझा हात धरून रडला. तो हात मी धरू दिला.

तो वाचला. उजवा हात आणि पाय गेले आणि बोलणंही. काही महिन्यांनी शब्द यायला लागले, पण एकेक, मध्ये अडकून. मैदानावर मात्र तोवर गोष्ट तयार झाली होती, की नोकरीच्या लोभापायी त्याने मार लपवला. नवीन येणाऱ्यांना ती सांगितली जायची, काही लपवू नका म्हणून. सांगणारा बहुतेक वेळा मीच असायचो. चषकही शेवटी समोरच्या संघाकडेच गेला. बाजारात तयार हेडबँड मिळू लागले, रंगीबेरंगी, आणि केस बारीक कापलेली मुलंसुद्धा ते लावू लागली. दोन वर्षांनी त्याच्या घरच्यांनी इथली खोली सोडली आणि सगळे गावी गेले.

मी त्याला भेटायला गेलो तो पंधरा वर्षांनी. एसटीत बसल्यापासून काय बोलायचं ते जुळवत होतो. तो पडवीत खुर्चीवर होता, अंगाने सुटलेला, उजवा हात मांडीवर ठेवून दिल्यासारखा. मला ओळखलं. "दा...दा," म्हणाला आणि डाव्या हाताने बसायची खूण केली. वडील खूप थकले होते. त्यांनी पाणी आणलं, आणि बाजूच्या घरातले कुणी आले होते त्यांना म्हणाले, "हे कप्तान. हेंणीच तेका हॉस्पिटलात नेल्यानी, नायतर तो गेलोच होतो."

त्याने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग होता की नव्हता, मला अजून ठरवता येत नाही. त्याला सगळं आठवत होतं का, तेही नाही. तीन तास मी तिथे होतो. आंब्याला मोहर किती आला, बहिणी कुठे दिल्या, गाडी किती वाजता, असं बोललो. निघताना वडील आत गेले आणि आम्ही दोघंच उरलो. मी वाकून त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तोंड उघडलं आणि म्हणालो, "तब्येतीला जप."

वडील त्यानंतर चार वर्षांनी गेले. शेवटपर्यंत त्यांनी दोष मुलालाच दिला, असं त्याच्या बहिणीने पत्रात लिहिलं होतं. तो स्वतः मागच्या दिवाळीआधी गेला. मला कळलं ते पंधरा दिवसांनी.

पडवीत मला म्हणायचं होतं ते, वडील आत जायच्या आधी, त्यांना ऐकू जाईल असं, हे होतं : काका, ह्याने काही लपवलं नाही. मार माझ्याच कोपराचा होता. ह्याने मला तीनदा सांगितलं, मी ऐकलं आणि तरीही खेळवलं, आणि डॉक्टरांपुढे खोटं बोललो. ह्याला बोल लावू नका. आणि तू, माझ्या मित्रा, मला माफ करू नकोस हवं तर, पण माझं चुकलं.