समुद्राकडे तोंड

पासष्टच्या लढाईच्या दिवसांत मी तारापूरला एका ठेकेदाराकडे गवंडी होतो. दुपारी सिमेंटची रिकामी गोणी झटकून अंथरायची, समुद्राकडे तोंड करून नमाज पढायचा आणि मगच भाकर सोडायची, हा माझा शिरस्ता. एकदा मुकादम सगळ्यांदेखत ओरडला, “पाकिस्तानकडे तोंड करतोस? उद्यापासून दुसरीकडे फिरव.”

माझं टाळकं सटकलं. म्हटलं, “मक्का तिकडे हाय, म्हणून तोंड तिकडे. इथल्या दांडी गावचे कोळीपण तिकडेच बघून नारळ सोडतात, त्यांना कधी हटकलंत? आणि माझा भरवसा नसेल, तर आधी तुमच्या खोलीच्या भिंती पाडा. पायापासून मीच बांधल्यात. तुमची पोरं त्यांच्याच आत झोपतात.”

दुसऱ्या दिवशी मी गोणी मुकादमाच्याच दारासमोर अंथरली. तोंड समुद्राकडेच.