तिरप्या विटांचा पूल

कुठल्याही पुलावरून जायच्या आधी ओव्हरसियरकाका त्याच्या खाली उतरून येत. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, छत्री टेकत. सिंचन खात्यातून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती. तिकडे उत्तरेत, नदीकाठच्या ब्रह्मा घाटावर आमच्या शेजारी ते एकटेच राहत. "वरून पूल म्हणजे नुसती सडक. असली पूल खाली असतो," असं ते त्यांच्या निम्म्या हिंदी मराठीत सांगत.

पुढे मी त्याच खात्यात ज्युनियर इंजिनियर झाले. शहराबाहेरच्या कालव्यावर तीन कमानींचा एक जुना विटांचा पूल होता. तो ठेवायचा की पाडायचा, ही पाहणी माझ्याकडे आली. मी काठावरून फोटो काढले. कमानींतले विटांचे थर सरळ नव्हते, तिरपे चढत गेले होते. कमानी पिळवटल्या आहेत, पूल धोकादायक आहे, असा अहवाल मी लिहिला आणि मोठ्या ऐटीत काकांना वाचायला दिला.

त्यांनी तो दोनदा वाचला. "खाली गेली होतीस?"

"नाही काका. पाणी होतं."

"पाणी तर असणारच. नहर आहे ती."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला गुडघाभर पाण्यात उभं केलं. रस्ता कालव्याला तिरका ओलांडतो, हे मी वरून पाहूनही माझ्या लक्षात आलं नव्हतं. अशा कमानीत विटा सरळ लावल्या, तर कोपरे निराधार राहतात. म्हणून मिस्त्र्यांनी लाकडी साच्यावर आधी रेषा आखून एकेक थर तिरपा चढवला होता. चुना-सुरखीच्या सांध्यात माझ्या किल्लीचं टोकही शिरेना.

"ही गलती नाही, हिसाब आहे," कमानीवर तळवा ठेवून काका म्हणाले. "त्यांचं सगळ्यात कठीण काम, आणि तू त्यालाच दोष म्हणालीस."

मी अहवाल मागे घेऊन नवा लिहिला. साहेब चिडले. पूल तरीही पाडायचं ठरलं. रस्ता रुंद करायचा होता.

काका पाहायला आले. यंत्राचे दात विटांवर घसरत होते. मुकादम ओरडला, "बाबूजी, ई त टूटते नाहीं हौ!" काका हसले नाहीत. दुपारी मधली कमान बसली, तेव्हा त्यांनी मान वळवली.

परतताना रिक्षात त्यांनी विचारलं, "ऑर्डरमध्ये कारण काय लिहिलंय?"

मी प्रत दिली. रुंदी अपुरी, बांधकाम सुस्थितीत. दुसऱ्या वाक्याखालून त्यांनी सावकाश बोट फिरवलं.

"मिस्त्र्यांची नावं कुणाला माहीत नाहीत," ते म्हणाले. "पण त्यांच्यावर ठपका नाही राहिला. बस."

त्याच वर्षी हिवाळ्यात काका गेले. आता तिथे काँक्रीटचा रुंद पूल आहे. त्याची फाईल उघडली की पहिला कागद लागतो तो जुन्या पुलाचा. बांधकाम सुस्थितीत, असं त्यावर लिहिलं आहे.