श्रीखंडावरचा ताव

गुजरातीत तापाला ‘ताव’ म्हणतात. आपण मराठी माणसं ताव मारतो तो जेवणावर. बडोद्यातल्या मराठी घरांत ही कोटी इतकी झिजली आहे, की तिला आता कोणी हसत नाही. अपवाद माझ्या मामीचा. ती कोटी स्वतःच करते आणि हसतेही स्वतःच.

मी आरोग्य खात्यात संगणकापुढे बसते. पावसाळा सरता सरता डेंग्यूनं डोकं वर काढलं, की आशाबेन, म्हणजे आरोग्य खात्याच्या आशा कार्यकर्त्या, घरोघर फिरून कुणाला ताप आहे ते मोबाइलवरच्या ॲपमध्ये भरतात आणि माझ्या नकाशात त्या घरावर ठिपका उमटतो. सगळे बरे असतील तर हिरवा, तिघं-चौघं आजारी असतील तर लाल. लाल दिसला की त्या घरी फोन करायचा आणि रक्त तपासणारं पथक धाडायचं, हे माझं काम.

त्या दिवशी गोरवा भागात लाल ठिपका उमटला. पत्ता वाचला, पुन्हा एकदा वाचला. मामांचं घर! मामी, मुलगा, सून, तिघांना ताप. मामा तेवढे ठणठणीत. घरात तान्ही नात आणि रविवारी तिचं बारसं.

फोन मामीनंच उचलला, तोही खुशीत.

“ताप? कुणाला गं? ती बेन विचारत होती, ‘कोईने ताव आव्यो छे?’ मी म्हटलं, ‘काले अमे बधाए श्रीखंड पर ताव मार्यो, खाली एमणे नहीं!’ म्हणजे फक्त ह्यांनी नाही मारला. तर ती बिचारी गंभीर चेहऱ्यानं मोबाइलवर लिहीतच बसली.”

मामी खो खो हसत सुटली. मीही हसले, पण चिडलेही. हिच्या कोटीपायी पथकाची गाडी निघाली असती! ठिपका पुसायला हात पुढे केला आणि थबकले. श्रीखंडावर मामांनी ताव मारला नाही? ज्या माणसापुढून पातेलं ओढून घ्यावं लागतं, त्यानं?

“मामी, त्यांच्या कपाळाला हात लावून बघ बरं.”

कुरकुरत ती गेली. परत फोनवर आली तेव्हा आवाजातलं हसू गेलं होतं.

“चांगलेच तापलेत गं.”

पथकाबरोबर मीही गेले. मामा माझ्यावरच उखडले. “रविवार तरी होऊ द्यायचास. एकदा पोरीला बारशात मांडीवर घेतलं असतं, मग नेलं असतंत कुठं न्यायचं तिथं.” मला त्यांचा संताप आला आणि रडूही आलं. तपासणीत डेंग्यूच निघाला. अलकापुरीतल्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, आणखी थोडं लपवलं असतं तर अवघड होतं. मामीनं बारसं सरळ पुढे ढकललं. आजोबा घरी आल्याशिवाय पाळणा हलणार नाही, असं तिनं जाहीर करून टाकलं.

बारशाला मी त्या आशाबेननाही बोलावलं. मामा वाळले होते, पण मांडीवर नात होती आणि हातात रिकामी वाटी. आशाबेन दिसताच ते तिच्या मोबाइलकडे बोट दाखवत मोठ्यानं म्हणाले, “बेन, लखी लो. आजे मने ताव छे!”

ती बिचारी घाबरून उठलीच. सगळं घर हसलं. मामी मात्र या वेळी हसली नाही. पदरानं डोळे पुसत तिनं मामांच्या वाटीत आणखी एक डाव श्रीखंड वाढलं.